अंगारूची मिटलेली मूठ

इकडे या भाऊजी. असे जवळ बसा, खुर्ची ओढून. दारात उभं राहून "घाईत आहे वहिनी" म्हणायचे तुमचे दिवस गेले आता. होळीच्या वेळेस तुम्ही मले काय सांगून गेले होते? "पुढच्या रविवारी येतो, अन् कथा संपवूनच आणतो." मी आदल्या दिवशी सकाळीच पोहे निवडून ठेवले, मिरच्या आणल्या, तुमच्यासाठी तो जाड दांड्याचा कप वरून काढून घासला. अन् तुम्ही शनिवारीच निघून गेले, अर्धा चहा बशीत ठेवून. असं कोणी करते का बाप्पा? एका दिवसानं काय बिघडलं असतं?

रागावली आहे मी. पण तुमच्यावर रागावायचं म्हटलं की मधातच हसू येते, हा तुमचा जुना गुण आहे. तो काही गेला नाही.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी शकू भिलाई-तीनहून ऑटोनं एकटीच आली अन् पदराखालून तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "बाई, त्यांचं अक्षर मले कधी लागलं नाही. बायको असून नाही. ते तुम्हालेच लागते. मंडळवाले मागून राहिले. गणपतीच्या अंकात अंगारूचा शेवटचा भाग पाहिजे म्हणतात."

मी वही उघडली. शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलं आहे, 'भाग शेवटचा'. खाली दोन रेघा, चांगल्या पट्टीनं ओढलेल्या. अन् त्याच्या खाली कोरं.

"यात तर काहीच नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर तुमच्याकडे आणली," शकू म्हणाली. "तुम्हीच लिहा."

"मी उतरवणारी बाई आहे, लिहिणारी नाही."

"हात तर एकच लागते ना?" असं म्हणून तुमची बायको उठली, माझ्या भांड्यातले दोन लाडू काढून तुमच्या नातीसाठी रुमालात बांधले अन् चालती झाली. तुमच्यासोबत राहून राहून तीही तुमच्यासारखीच बोलायले लागली आहे, हे तुम्ही कधी पाहिलं का?

आता मले सांगा, मी काय करू? अंगारूले परत आणू का नाही?

तुमची नात परी, बारा वर्षांची पोरगी, तिले मागच्या हप्त्यात सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिनं अर्धेच अंक पाहिलेले. तुम्हालेही तेच सांगते, कुठं चुकली तर खुर्चीतून मान हलवा. मी तिले सांगितलं, की तुझे आजोबा प्लांटमध्ये क्रेन चालवत. वर केबिनमध्ये बसायचे, खाली वितळलेल्या लोखंडाची बादली. दिवसभर आगीच्या वर बसणारा माणूस, अन् त्याले कथा सुचली ती थंडीची! जमिनीच्या सात थर खाली तळकोट नावाचं गाव. तिथं गारठासुर नावाचा राक्षस येते अन् एकेका घरची चूल विझवते. अन् त्या गावात अंगारू नावाचा एक साधा माणूस, ज्याच्या मुठीत एक निखारा आहे. मूठ मिटलेली आहे तोवर निखारा विझत नाही अन् हात जळत नाही.

"फिर?" परी म्हणाली.

मंग आपल्या मंडळाचा हस्तलिखित अंक. दर गणपतीत एक अंक, एकच प्रत, मंडपात टेबलावर सुतळीनं बांधून ठेवायची, म्हणजे कोणी घरी नेऊ नये. लोक उभ्यानं वाचत. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. संपादकानं पहिल्याच वर्षी हात जोडले. तेव्हा तुम्ही वही घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, भाऊजी, मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली चौथी शिकलेली बाई, तेही विसरली, मले सहीपुरतं येते. तुम्ही म्हणाले, "वहिनी, तुम्ही धानाची रोवणी करता तेव्हा ओळ वाकडी जाते का? तशीच अक्षरं लावा. चिखलाच्या जागी कागद आहे, एवढंच."

मी लावली. पहिल्या पानाले चार दिवस लागले. तुमचा एकेक शब्द उकलता उकलता मी वाचायले शिकली, अन् मंग तर मले जे सापडलं ते वाचत सुटली, पुडीचा कागदसुद्धा. हे मी तुम्हाले कधी नीट सांगितलंच नाही. वाटे, सांगायचं काय, दिसतेच तर आहे. आता सांगते. माझ्याजवळ जे काही वाचता-लिहिता येते, ते तुमच्या घाण अक्षराच्या कृपेनं.

तर, अंगारूचं मरण. त्या वर्षी तुमचे दादा, माझे मालक, खाटेवर होते. दवाखान्यातून घरी आणलं होतं, डॉक्टरनं काय सांगितलं ते तुम्हाले अन् मलेच माहीत. मी खाटेच्या पायाशी पाट टाकून उतरवून राहिली होती. अन् तुमच्या दादाची सवय, मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायचं अन् त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. गोठलेल्या नदीच्या तोंडात अंगारू हात घालते. बर्फ फुटते, नदी सुटते, गावातल्या चुली पेटतात. अंगारू काठावर पडते. अन् त्याच्या खाली तुमची शेवटची ओळ होती:

'लोकांनी त्याची मूठ उघडली तेव्हा आत राख होती.'

माझी जीभ तिथंच थांबली. तुमच्या दादानं डोळे उघडले. "काय झालं? मेला का?"

मी म्हटलं, "नाही बाप्पा. पडला आहे. मूठ मिटलेली आहे."

"मंग येते वापस," ते म्हणाले अन् पाणी मागितलं.

मी तशीच लिहिली भाऊजी. 'अंगारू काठावर पडला. त्याची मूठ मिटलेली होती.' राखेची ओळ मी अंकात उतरवलीच नाही. तुमची वही तुम्हाले परत दिली अन् अंक मंडपात गेला. तुम्हाले सांगितलं नाही. दिवाळीनंतर तुमचे दादा गेले, अन् मंग तर सांगायचं राहूनच गेलं. इतकी वर्षं ही गोष्ट मी पोटात घेऊन बसली होती. तुम्ही अंक पाहिला असेल का, पाहून गप्प बसले असाल का, की तुम्हाले तुमचं लिहिलेलं परत वाचायचा कंटाळा, म्हणून सुटली मी?

त्याच्यानंतर दर रविवारी आपलं एकच भांडण. मी म्हणायची, परत आणा त्याले. तुम्ही म्हणायचे, "वहिनी, मेला म्हणजे मेला. परत आणला तर त्या मुठीची किंमत काय राहिली? उद्या कथेत कोणीही मरेल, वाचणारा म्हणेल, येईल पुढच्या गणपतीत."

मी म्हणायची, "येईल तर येऊ द्या ना! माणूस यायले पाहिजे, एवढ्यासाठीच तर कथा वाचते. रडायले काय कथा लागते? घरी कमी आहे?"

"मंग तुम्ही कथा नका वाचू, लॉटरी वाचा."

शकू आतून ओरडायची, "दोघंही चूप बसा, चहा थंडा होऊन राहिला!"

अन् एकदा मी जास्तच बोलली. तुम्हाले आठवते, मले तर रोज आठवते. मी म्हटलं, "तुम्हाले काय कळते मरणाचं? तुमची शकू समोर चहा गाळून राहिली. एकाले तरी परत आणणं तुमच्या हातात होतं, तेही तुम्ही केलं नाही." तुम्ही वही उचलली, स्कूटरले किक मारली, अन् तीन रविवार आले नाही. चौथ्या रविवारी आले ते सुपेल्याच्या बाजारातून गरम भजे घेऊन. कागद माझ्या हातात दिला अन् विचारलं, "चटणी आहे का?" बस. त्याच्यावर तुम्ही कधी बोलले नाही अन् मीही माफी मागितली नाही. भाऊ तुमचाही गेला होता, हे मले त्या दिवशी दिसलंच नाही. माफी राहिली भाऊजी. आज मागते.

पण माझी उत्सुकता काही मेली नाही. मी विचार करून राहिली, तुम्ही इतके काहून अडून बसले होते? तुम्ही तर असे नरम माणूस. कुत्र्याच्या पिल्लाले घरात घेऊन शकूच्या शिव्या खाणारे. अन् एका अंगारूले आत घ्यायले तयार नाही?

मंग मले तो विश्वकर्मा पूजेचा दिवस आठवला. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तुम्ही पांढरा शर्ट घालून आपल्या जुन्या शॉपमध्ये गेले होते. संध्याकाळी परत येताना माझ्याकडे थांबले, प्रसादाची बुंदी हातात. मी विचारलं, कसं झालं? तुम्ही म्हणाले, "सगळे पाया पडले. चहा दिला. खुर्ची दिली. माझ्या क्रेनवर एक नवा ड्रायव्हर होता. मी म्हटलं, जरा वर येऊन पाहू का? तो म्हणाला, दादा, आता पॅनल बदललं आहे." मंग बुंदीचा एकेक दाणा खात बराच वेळ बसले. म्हणाले, "वहिनी, मी भूत होऊन गेलो होतो. सगळे चांगलेच वागले. पण माझी जागा भरली होती. भरायलेच पाहिजे होती. नाही तर क्रेन कोण चालवेल?"

तेव्हा मले वाटलं, बिचारे उदास झाले. आता वाटते, तुम्ही अंगारूचंच सांगून राहिले होते का? समजा, अंगारू परत आला. त्याच्या बायकोनं एकटीनं चूल सांभाळायले शिकून घेतलं आहे. नदीवर दुसरा पहारेकरी बसला आहे. जे रडले ते रडून मोकळे झाले. आता हा येते अन् म्हणते, मी आलो. त्याले कुठं बसवायचं? अन् मुठीत काय घेऊन येईल तो? तोच निखारा, का दुसरा? दुसरा असेल तर तो अंगारू कशाचा?

परीले मी हे विचारलं. ती मोबाईल बाजूला ठेवून सरळ बसली. म्हणाली, "मोठी आजी, आजकल के हीरो तीन-तीन बार मरते हैं. मले तर आता रडूच येत नाही. मैं तो पॉपकॉर्न खाते बैठती हूँ."

"मंग अंगारूले आणू नको म्हणते?"

"नहीं, उसको लाओ!" पोरगी एकदम ओरडली. "बाकीचे गेले तरी चालतील. तो आजोबांचा आहे."

पाहा आता. तुमच्या बाजूनं सुरू झाली अन् माझ्या बाजूनं उतरली. डोकं तुमच्यासारखं अन् मन माझ्यासारखं, असं सगळ्यांचंच असते का हो?

आता ऐका, खरी गोष्ट पुढे आहे. तीन दिवसांपूर्वी मंडळातून जुने अंक मागवले. शेवटचा भाग लिहायचा तर मागचे भाग पाहायले पाहिजे ना. मरणाच्या पुढच्या वर्षीचा अंक उघडला. माझंच अक्षर, रोवणीसारखं. तुम्ही लिहिलेलं अन् मी उतरवलेलं: 'गावात कोणी म्हणे अंगारू वाहून गेला. कोणी म्हणे, त्याची मूठ अजून मिटलेलीच आहे.'

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मिटलेलीच? तुमच्या वहीत तर लोकांनी मूठ उघडली होती. राख पाहिली होती. मिटलेली मूठ फक्त एकाच जागी होती, माझ्या अंकात. म्हणजे तुम्ही वाचलं होतं. मंडपात, टेबलापाशी उभं राहून, सुतळीनं बांधलेला अंक उघडून तुम्ही माझी चोरी वाचली होती. अन् न रागावता, न विचारता, पुढची कथा माझ्या चोरीवरून पुढे नेली. पुढच्या वर्षीही लोक शोधूनच राहिले. त्याच्या पुढेही. मी स्वतःच्या हातानं हे सगळं उतरवलं अन् मले इतकी वर्षं दिसलं नाही! त्याले परत आणत नव्हते तुम्ही, पण पुरतही नव्हते. दार ढकलून ठेवलं होतं, कडी न लावता. कोणासाठी हो? तुमच्या दादासाठी, का माझ्यासाठी?

अन् दर रविवारी माझ्याशी भांडताना एकदाही म्हणाले नाही, "वहिनी, तुम्हीच तर ओळ खाल्ली." कसं जमलं तुम्हाले? मी तर आधी तेच म्हटलं असतं.

तुम्ही काय करणार होते शेवटच्या भागात, हे मले कळायचा आता उपाय नाही. वहीचं कोरं पान मी उन्हात धरूनही पाहिलं, वरच्या पानाच्या पेनाचा दाब उमटला असेल म्हणून. काही नाही. तुम्हालेही माहीत नसेल, असं आता मले वाटते. काहून की तुम्ही टाळून राहिले होते. रविवारी येतो, पुढच्या रविवारी येतो.

मंग मले अक्तीची, अक्षय तृतीयेची आठवण झाली. अक्ती पुढच्या हप्त्यात आहे, बाजारात घागरी आल्या आहेत. आपल्या घरची रीत, त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची अन् गेलेल्या माणसाच्या जागी कोणालेतरी पित्तर म्हणून जेवायले बसवायचं. तुमच्या दादाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या पानावर तुमचे प्लांटमधले संगवारी, जुने सोबती साहूभाऊ बसले होते. पाटावर बसायच्या आधी तुमच्या दादासारखंच धोतर सावरलं त्यांनी, मुद्दाम का आपोआप कोण जाणे. मी वाढत गेली. वडे, शेवया, चिंच-गुळाची चिंचोणी. तुमच्या दादाले आवडे तितका गूळ टाकला होता. साहूभाऊ जेवले, हात धुतला, उठले. आपल्यात पित्तर जेवून उठला की त्याले थांबा म्हणत नाहीत. बसवायचं, पोटभर वाढायचं, पोट भरलं का विचारायचं, अन् जाऊ द्यायचं. हे मले लहानपणापासून माहीत. अन् मी काय केलं? दारापर्यंत मागं मागं गेली अन् तोंडातून निघून गेलं, "थांबा न जरा. चहा ठेवते."

शकूनं तोंडावर पदर घेतला. साहूभाऊ बिचारे एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. पुढं जावं का मागं यावं, त्यांना समजेना. म्हणाले, "का करंव भौजी?" तेव्हा तुम्ही उठले. साहूभाऊच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना हळूच बाहेर नेलं, फाटकापर्यंत सोडून आले. मंग माझ्यापाशी येऊन पाटावर बसले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आणणं सोपं आहे. जाऊ देणं कठीण. मी अंगारूले आणत नाही, ते याच्यासाठी. आणला तर मलेच त्याले जाऊ देता येणार नाही."

तेव्हा मी ऐकून घेतलं, समजलं नाही.

परवा सकाळी मी लिहायले बसली. तुमच्या वहीत नाही, त्या पानाले मी हात लावणार नाही. नव्या कागदावर. पहिली ओळ तुमचीच लिहिली, जी मी खाल्ली होती. 'लोकांनी त्याची मूठ उघडली तेव्हा आत राख होती.' ओळ वाकडी गेली नाही. तुम्ही जिंकले. अंगारू मेला.

अन् मंग लिहिलं, की वर्षातून एक दिवस तळकोटातल्या सगळ्या चुली एकदमच जोरानं पेटतात, अन् त्या दिवशी अंगारूच्या दारात एक पाहुणा येते. त्याच्या मुठीत काही नसते. त्याची बायको त्याले पाट देते, वाढते. तो भात कालवते तेव्हा बोटं तशीच फिरवते. ती ओळखते. विचारते, पोट भरलं का? तो म्हणते, भरलं. उठते, जाते. ती दारात उभी राहते, तोंड मिटून. कडी लावत नाही.

एवढंच. आणलं बी, ठेवलं नाही. माझं बी झालं, तुमचं बी. परीले वाचून दाखवलं. पोरगी रडली बरं का, पॉपकॉर्नवाली. मंग नाक पुसून म्हणाली, "अगले साल फिर आएगा ना?" मी म्हटलं, दर साल.

तुम्हाले पटलं का, ते मले सांगायले कोणी नाही. म्हणून बोलावून राहिली. साहूभाऊले निरोप पाठवला होता, काल स्वतः येऊन गेले. पहिल्या वर्षीची चूक त्यांच्या ध्यानात आहे. म्हणाले, "भौजी, मैं बैठूँगा उसकी जगह. पर इस बार चाय का नाम मत लेना." दोघंही हसलो, मंग तेच डोळे पुसायले लागले.

सुपेल्यातून नवी घागर आणली आहे, ठोकून पाहून. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायच्या आहेत. तुमच्या नावाची चिंचोणी कमी गोड करीन, दादासारखा गूळ तुम्हाले चालत नव्हता. पानाच्या बाजूले ते कागद ठेवीन. माझ्या अक्षरात आहेत, तुम्हाले लागतील. कुठं चुकलं असेल तर साहूभाऊच्या तोंडून सांगा.

तेव्हा या भाऊजी. यावेळेस रविवारवर टाकू नका, अक्तीलेच या, अन् ऊन चढायच्या आत या. पोटभर जेवा. मी थांबा म्हणणार नाही.